चर्चच्या हॉलमधली फूडबँक: आधी घेणारी म्हणून, मग देणारी म्हणून

आधी कामाचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात आज पिठाचा डबा तळाला गेलेला असेल. इंग्लंडमध्ये तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असं लिहिलेलं असलं, तरी फूडबँकेतून, म्हणजे अडचणीतल्या घरांना फुकट किराणा देणाऱ्या ठिकाणाहून, किराणा घेता येतो. ज्या सरकारी मदतीला आपण हात लावायचा नसतो, तिच्यात फूडबँक मोडत नाही. व्हिसाला त्याने धक्का लागत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माहिती नसल्यामुळे आम्ही जानेवारी 2024 चे जवळजवळ तीन आठवडे भात आणि चटणीवर काढले. तुम्ही काढू नका.

मी मूळची राहुरीची. नगरला नर्सिंग केलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये केअररच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करण्याच्या कामाच्या, व्हिसावर मिडलंड्समधल्या एका लहान शहरात आले. शहराचं आणि चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे पिशवी घ्यायला येणारी माणसं मला बाजारात, बसमध्ये भेटतात. माझ्या लिहिण्यातून त्यांची ओळख उघडी पडायला नको. पण मी सांगतेय ते या देशात शेकडो चर्चच्या हॉलमध्ये थोड्याफार फरकाने असंच चालतं, म्हणून नाव नसलं तरी तुमचं काम अडणार नाही.

ज्या एजन्सीने मला आणलं, तिने पहिले काही महिने भरपूर तास दिले. मग आठवड्याच्या चाळीस तासांचे पंचवीस झाले, पंचवीसचे नऊ. नवरा एका गोदामात कामाला होता, ते काम नाताळापुरतंच होतं. नाताळ संपला आणि फोन यायचे थांबले. घरभाडं मात्र एक तारखेला खात्यातून जातंच. मुलगा पहिलीत. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेच्या पहिल्या तीन वर्गांतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण फुकट असतं, आईबापाचा पगार किंवा व्हिसा न बघता. त्यामुळे त्याची एक वेळ भागायची. शुक्रवार जवळ आला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण पुढचे दोन दिवस शाळा नाही.

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ओळखलं. कशावरून ओळखलं ते मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही. एका गुरुवारी मी मुलाला घ्यायला फाटकापाशी उभी होते. त्या बाहेर आल्या, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घरी खायला आहे ना?" मी "आहे" म्हणाले. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग मी "नाही" म्हणाले. पाच मिनिटांत त्यांनी व्हाउचर काढून त्याचा कोड माझ्या फोनवर पाठवला. व्हाउचर असंच मिळतं. शाळा, डॉक्टरचा दवाखाना, कौन्सिल (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी), फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस संस्थेचं ऑफिस, यांपैकी कुणीतरी तुमची अडचण ऐकून घेतं आणि तुमच्या नावाने चिठ्ठी देतं. ती घेऊन फूडबँकेत जायचं. नुसतं जाऊन उभं राहिलं तरी बहुतेक ठिकाणी हाकलून देत नाहीत, बसवून घेतात आणि फोन लावून देतात. पण चिठ्ठी असली की काम लवकर होतं.

हॉल चर्चच्या मागच्या अंगाला होता. मला वाटलं होतं रेशनच्या दुकानासारखी खिडकी असेल आणि खिडकीबाहेर रांग. तसं काही नव्हतं. चार टेबलं, त्यांवर फुलाफुलांची मेणकापडं, चहाची मोठी किटली, बशीत बिस्किटं. भिंतीवर संडेस्कूलच्या पोरांनी रंगवलेलं नोहाचं तारू, त्यातला जिराफ तारवाच्या छपरातून मान बाहेर काढून उभा. पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. टेबलाच्या पलीकडे बसल्या नाहीत. हे मी इतकं बारीक सांगतेय, कारण त्या दिवशी मला कुणी समोर बसून माझ्याकडे पाहिलं असतं तर मी उठून निघून गेले असते.

त्यांनी मोजकंच विचारलं. घरात माणसं किती? काय खात नाही? आणि मग, "घरी शेगडी चालू आहे का, की फक्त किटली आहे?" हा प्रश्न मला आधी कळलाच नाही. नंतर कळला. इथे अनेक घरांत वीज आणि गॅस आधी पैसे भरून वापरायचा मीटर असतो. पैसे संपले की शेगडी बंद. काहीजण एका खोलीत राहतात, तिथे शेगडीच नसते. अशांसाठी वेगळी पिशवी भरलेली असते. तिच्यात उकळतं पाणी ओतलं की होतील असे पदार्थ: कपातलं सूप, नूडल्स, बटाट्याची पूड. उपाशी माणसाला कच्चा पास्ता देऊन उपयोग काय, एवढा विचार ज्यांनी करून ठेवलाय त्यांच्यावर माझा तिथेच विश्वास बसला.

पिशव्या साध्या सुपरमार्केटच्या होत्या. फूडबँकेचं नाव नाही, क्रॉस नाही, काही नाही. रस्त्यावरून नेताना मी बाजार करून आले असंच कुणालाही वाटलं असतं. तीन माणसांना तीन दिवस पुरेल एवढं सामान होतं: एक किलो तांदूळ, पास्ता, राजम्याचे आणि बेक्ड बीन्सचे डबे, टोमॅटो, मका, डब्यातले मासे, अननसाच्या फोडी, टिकाऊ दूध, चहा, साखर, कॉर्नफ्लेक्स. मुलासाठी चॉकलेटचा एक छोटा पुडा, तो यादीत नव्हता. प्रत्येक डब्याच्या झाकणावर काळ्या मार्करने ठसठशीत आकडे: 08/25, 11/24. ती मुदतीची तारीख. कुणीतरी एकेक डबा हातात घेऊन, त्यावरचा बारीक छाप वाचून, झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. घरी ओट्यावर ते डबे मांडले आणि मी ते आकडेच बघत बसले. आमच्या घरी आई पापडाच्या डब्यावर खडूने तारीख लिहायची, तसं वाटलं.

दोन डब्यांना वरची कडी नव्हती आणि आमच्याकडे ओपनर नव्हता. नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने भोकं पाडून झाकण उचकटलं. बेक्ड बीन्स गोड असतात, आपल्याला तशा जात नाहीत. त्या चाळणीत टाकून नळाखाली लाल रस निघून जाईपर्यंत धुवायच्या, मग कांदा-लसणाची फोडणी आणि घरचा मसाला. माझ्याकडे आईने दिलेला येसर होता. उसळ झाली. मुलाने दोनदा मागून घेतली. (मसूर डाळही इथे मिळते, पण मागावी लागते. इंग्रज कुटुंबं सहसा घेत नाहीत, म्हणून ती मागच्या फळीवर पडून असते. 'रेड लेंटिल्स' म्हणून विचारा.)

आता श्रद्धेचं. मी ख्रिस्ती आहे, आमच्या घरातली चौथी पिढी. पण त्या हॉलमध्ये तासभर बसले तरी मी ते सांगितलं नाही. का, ते आपल्याकडच्या माणसांना समजेल. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांना एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे: भाकरीसाठी बाटले. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अनाथ पोरं सांभाळली, अन्नछत्रं चालवली, आणि त्याच काळात अनेकांनी बाप्तिस्मा घेतला हे खरं आहे. त्यांच्या मनात काय होतं हे परक्याने भाकरीच्या मापाने मोजावं, याचा मला लहानपणापासून राग आहे. पण तो टोमणा अंगात मुरलेला असतो. चर्चमध्ये जाऊन धान्य घ्यायचं आणि वर "मीही तुमच्यातलीच" असं म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना.

माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या वर्षी बाहेरदेशाहून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, कामावर सुकडी मिळायची. आमच्या वाडीत मिशनकडूनही थोडं धान्य आलं होतं. आजी सांगायची, मिशनचं धान्य ती पदराखाली झाकून आणायची आणि खडीची मजुरी मुठीत धरून सगळ्यांच्या देखत आणायची. धान्य देणारे वाईट नव्हते. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, स्वतः डोक्यावर पोतं घेऊन घरोघर फिरले होते, आजी मरेपर्यंत त्यांचं नाव आदराने घ्यायची. तरी फरक होता. कामाची मजुरी तिची होती. पुढे रोजगार हमी योजनेचा 1977 चा कायदा झाला, गावातल्या माणसाने काम मागितलं की सरकारने ते द्यायचं असं त्यात आलं. तेव्हा आजीसारख्या बायकांनी आधी दगड फोडून जे कमावलं होतं, तेच कागदावर आलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या मेणकापडाच्या टेबलाशी बसले होते. आणि तासाभरात मला कुणी धर्म विचारला नाही. हिजाब घातलेली एक आई होती, हातावर गोंदवलेला एक दांडगा तरुण होता, एक आजोबा होते. कुणालाच विचारला नाही. निघताना त्या बाई एवढंच म्हणाल्या, "कुणी आपल्यासाठी प्रार्थना करावी असं वाटलं तर त्या कोपऱ्यात आमचे पाळक बसलेत. नाही वाटलं तरी चहा आहेच." मी कोपऱ्यात गेले नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र बायबलातल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं वचन आपोआप ओठांवर आलं: मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, परका होतो तेव्हा मला घरात घेतले. लहानपणी हे वचन पाठ करताना आपण कायम देणाऱ्याच्या जागी उभे असतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यातली परकी होते.

ट्रसेल नावाची जी संस्था या देशातलं फूडबँकांचं सर्वांत मोठं जाळं चालवते, तिचा पायाही हेच वचन आहे. पॅडी आणि कॅरल हेंडरसन या जोडप्याने ती 1997 मध्ये काढली, आधी बल्गेरियातल्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी. मग त्यांच्याच सॉल्झबरी गावातल्या एका आईचा फोन आला की माझी पोरं आज उपाशी झोपणार आहेत, आणि 2000 साली तिथे पहिली फूडबँक सुरू झाली. आमची फूडबँक त्या जाळ्यातली नाही, स्वतंत्र आहे, पण रीत बरीचशी तिथूनच घेतलेली. आकडे ऐका: ट्रसेलच्या फूडबँकांनी 2010-11 मध्ये साधारण साठ हजार लोकांना किराणा दिला, आणि 2023-24 मध्ये 31 लाखांहून जास्त पिशव्या वाटल्या. माझं कुटुंब त्याच वर्षातलं. हा आकडा वाढला याचा आनंद मला तिथल्या कुणाच्याही तोंडावर दिसला नाही.

मी आणखी दोनदा गेले. एप्रिलमध्ये मला दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक, मिळाला, नवऱ्याला बेकरीत रात्रपाळी लागली, आणि जूनपासून मी सुट्टीच्या मंगळवारी तिथे मदतीला जायला लागले. तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत, व्हॅन चालवतात, तरुणपणी खाणीत होते. डबे लावता लावता ते एकदा म्हणाले, "मी पन्नास वर्षं या चर्चमध्ये येतो. पूर्वी या हॉलमध्ये लग्नाची जेवणं व्हायची. भुकेल्यांसाठी कपाटं नव्हती, कारण लागत नव्हती." मग त्यांनी मला थॅचरबाईंचं भाषण सांगितलं. 21 मे 1988 ला एडिंबराला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे पंतप्रधान मार्गारेट थॅचर बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी बायबलातलं पौलाचं वचन काढलं: जो काम करणार नाही त्याने खाऊही नये. भाषण झाल्यावर सभेच्या अध्यक्षांनी त्यांच्या हातात चर्चने केलेले अहवाल ठेवले, घरांच्या टंचाईवरचे आणि गरिबीवरचे. हे सांगताना त्या गृहस्थांचे डोळे अजून पेटतात.

हे वचन ज्यात आहे ते थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र मी घरी येऊन काढून वाचलं. पौल लिहितो ते ज्याला काम करायची इच्छा नाही त्याच्याबद्दल. मला काम हवंच होतं. मी सकाळी सहापासून फोन हातात धरून बसायचे, तास मिळतील म्हणून. हॉलमध्ये येणारी निम्मी माणसं कामावरून येतात, कंपनीचा बिल्ला गळ्यात असतो. काहींचा युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी कमाईवाल्यांना किंवा बेकारांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज केलेला असतो, पण त्याचे पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात. पाच आठवडे काय खायचं, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते वचन या माणसांच्या तोंडावर मारणं मला पाप वाटतं, आणि हे मी माझ्याच मंडळीतल्या माणसांना तोंडावर सांगते. आमच्या रविवारच्या मराठी प्रार्थनासभेत एकजण म्हणाले होते की फुकट दिलं की लोक आळशी होतात, सरकारने मदत बंद करावी, चर्चने काय ते बघावं. मी त्यांना विचारलं, तुमच्या बाबांना निवृत्तिवेतन कोण देतं? ते गप्प बसले, पण मला त्यांना गप्प करायचं नव्हतं. मला त्यांना मंगळवारी हॉलमध्ये न्यायचं होतं. अजून आलेले नाहीत, मी विचारत राहणार आहे.

कारण चर्चने सगळं बघावं हे चर्चच्याच मोठ्या माणसांनी मानलेलं नाही. विल्यम टेंपल 1942 मध्ये कॅंटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे सर्वांत वरचे धर्मगुरू, झाले. 'वेल्फेअर स्टेट' (कल्याणकारी राज्य) हा शब्द इंग्रजीत रुजला त्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच वर्षी त्यांच्या ओळखीतले अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला, आणि युद्धानंतर त्यातूनच या देशातली आजारपणाची, म्हातारपणाची, बेकारीची सोय उभी राहिली. आर्चबिशपला दानधर्म माहीत नव्हता असं कोण म्हणेल? तरी त्यांनी म्हटलं की उपाशी माणसाचा भार सगळ्या देशाने कायद्याने उचलावा. फेब्रुवारी 2014 मध्ये अँग्लिकन चर्चच्या 27 बिशपांनी उघड पत्र लिहून देशातल्या भुकेबद्दल सरकारला जाब विचारला, तो याच परंपरेतला.

आणि बायबलात तर हे टेंपल यांच्या कितीतरी आधीचं आहे. लेवीय एकोणिसावा अध्याय: शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा. सरवा हा शब्द आपल्याकडच्या शेतकरी घरांना समजावून सांगायला नको. भुईमूग उपटून झाला की बाया सरवा वेचायला जातात, मीही आजीबरोबर गेलेय, मातीत बोटं खुपसून शेंगा काढल्यात. रूथ ही मवाबी, परक्या देशातली विधवा, बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती कुणाच्या ओंजळीतून घेत नाही. नियम तिच्या बाजूने आहे. मालक चांगला निघाला ही पुढची गोष्ट, मालक वाईट असता तरी तिचा सरवा तिचाच होता. माझं म्हणणं एवढंच आहे. फूडबँकेतली माणसं बवाजासारखी आहेत, त्याहून चांगली आहेत. पण नियम हवा.

म्हणून फूडबँकेतली मला खटकणारी पहिली गोष्ट चिठ्ठी. सहा महिन्यांत तीन चिठ्ठ्या झाल्या की आमच्याकडे चौकशी होते. देणाऱ्यांची बाजू मला आता कळते, फळ्या रिकाम्या होतात. पण भूक सिद्ध करायला तिसऱ्याच माणसाची सही लागते, ही गोष्ट घेताना टोचते. इथून बसने तासाभरावर गुरुद्वारा आहे. पहिल्या चिठ्ठीच्या आधी, त्या वाईट आठवड्यांत, एका रविवारी आम्ही तिघं तिथे जेवलो. डोक्यावर रुमाल बांधला, पंगतीत बसलो, पोळी दोन्ही हात पुढे करून घेतली. नाव नाही, पत्ता नाही, कारण नाही. आमच्या शेजारी एक सूटबूटवाले सरदारजी तेच जेवत होते. ख्रिस्ती म्हणून मी मनापासून सांगते, या बाबतीत लंगर आपल्या पुढे आहे. ज्याच्या ताटात वाढायचं त्याच्याच पंगतीला बसायचं, हे प्रभूने केलं होतं.

दुसरी गोष्ट वेळ. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते बारा. त्या वेळात कामावर असणाऱ्याने काय करायचं? याबद्दल मी बैठकीत बोलले, आता महिन्यातून दोनदा गुरुवारी संध्याकाळीही उघडतो. तिसरी, भरलेली पिशवी. मी गेले तेव्हा यादीवर खुणा करून पिशवी भरून मिळायची. आता फळ्यांपाशी नेतात आणि तुम्ही निवडता, माणशी ठरलेल्या संख्येत. परवा एका सोमाली आजींनी टोमॅटोचे तीन डबे फिरवून फिरवून पाहिले आणि त्यातला एक घेतला. डबे तिन्ही सारखेच होते. पण त्यांनी निवडला.

ज्यांची अडचण लांबली आहे त्यांनी 'पॅंट्री' शोधावी. चर्च ॲक्शन ऑन पॉव्हर्टी ही संस्था 'युअर लोकल पॅंट्री' नावाचं जाळं चालवते. तिथे सभासद व्हायचं, आठवड्याला थोडे पौंड भरायचे आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा किराणा स्वतः निवडून आणायचा. भाजी, फळं, फ्रीजमधलं सामानही असतं. मे महिन्यात, पगार नुकते सुरू झालेले असताना, आम्ही एका पॅंट्रीत जात होतो. काउंटरवर नाणी मोजून दिली तेव्हा मला आजीची मूठ आठवली. संकट तीन दिवसांचं असेल तर फूडबँक, तीन महिन्यांचं असेल तर पॅंट्री.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते. दुसऱ्या एका ठिकाणी, कुठलं ते सांगत नाही, एका लहान प्रार्थनागटाने धान्य वाटपाआधी चाळीस मिनिटांचा उपदेश ठेवला होता आणि उपदेश संपेपर्यंत पिशव्या पडद्यामागे होत्या. माझ्या मांडीवर पोरगं भुकेने चुळबुळत होतं. मी बाळपणापासून उपदेश ऐकत आलेय, तो विषय मला प्रिय आहे, तरी त्या दिवशी मला तो ऐकवेना. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे, म्हणजे अँग्लिकन जोगिणींकडे, राहिल्या. लंडनमध्ये फुलहॅमला त्या सिस्टरांचं एक घर होतं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. तिथलं काम पाहून रमाबाईंनीच विचारलं की या बायकांची तुम्ही एवढी काळजी का घेता, आणि मग एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग वचन आलं. पुढे केडगावला मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायकामुलींना त्यांनी जेवू घातलं, आणि छापखाना, विणकाम, शेती असं हाताला कामही दिलं. आपल्याच मातीतलं एवढं मोठं उदाहरण असताना पडद्यामागे पिशव्या ठेवायची गरज कुणाला का पडावी?

फोटोही नाहीत. हे फार मोठं आहे. आपल्याकडे पाच किलो तांदूळ देताना दहा हात पिशवीला लागतात, मागे बॅनर, समोर मोबाइल. इथे हॉलच्या दारावरच पाटी आहे: आत फोटो काढू नयेत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन अक्षरशः पाळलेलं मी इथे पाहिलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. आमच्याकडे राहुरीला सुगीच्या उपासनेला लोक ज्वारीची कणसं, वांगी, नारळ, कोंबड्या आणतात आणि नंतर अंगणात लिलाव होतो. एका वांग्याला शंभर रुपये बोली लागते, सगळे हसतात, पैसे मंडळीच्या कामाला. इथे वेदीसमोर डब्यांचा डोंगर लागतो आणि तो सगळा सोमवारी आमच्या फळ्यांवर येतो. गेल्या सुगीला मी मुलाच्या हातून येसराची एक पुडी वेदीपुढे ठेवली. पाळकबाईंनी ती हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, हे कशात घालायचं? मी म्हटलं, बेक्ड बीन्समध्ये, पण आधी धुवून.

गुण द्यायचेच तर सेवेला पाचपैकी पाच, चिठ्ठीच्या पद्धतीला तीन. सामानाला चार, कारण पीठ आणि तेल क्वचित असतं.

देणारे असाल तर हे द्या: तेलाच्या लहान बाटल्या, कणीक, मसूर डाळ, मीठ, हळद-तिखट, सॅनिटरी पॅड, मोठ्या मापाचे डायपर, टूथपेस्ट. पास्ता आणि बेक्ड बीन्स पुरेसे येतात. मुदत संपायला आलेलं घरातलं उरलंसुरलं आणू नका, ते आम्हाला वेगळं काढून टाकावं लागतं आणि त्यात सगळी सकाळ जाते. आणि शक्य असेल तर एक टिन ओपनर. मी आमच्या दारापाशी त्यांची एक टोपली ठेवली आहे, ती दर आठवड्याला रिकामी होते.